जीप बघून पळालेली माणसं

पाडव्याला कुणी खळ्यावर बैल जुंपत नाही. पण नाथाजी जगदाळ्याला त्या दिवशी घरात बसवत नव्हतं. तिकडं साताऱ्यात मतं मोजायला सुरुवात झाली होती. दारात गुढी उभी करून, कडुलिंबाचा पाला चावतच तो बैलं घेऊन रानात आला आणि त्यानं मळणीची पात धरली. बैलं मधल्या खांबाभोवती, मेढीभोवती, फिरू लागली, त्यांच्या खुरांखाली शाळूची कणसं करकरू लागली, तसं त्याला जरा बरं वाटलं.

त्याची बायको विजयमाला बैलांच्या मागनं कणसं उलटीपालटी करत होती. तिच्या पापण्यांवर धूळ बसली होती. सकाळपासून ती कामापुरतंच बोलली होती. पण गेले कित्येक महिने ती अशीच होती, त्यामुळं नाथाजीला त्यात नवल वाटलं नाही.

नाथाजी खडकवाडीच्या पक्षाच्या शाखेचा अध्यक्ष. बहात्तरच्या दुष्काळात त्यानं वडूजला खेटे घालून गावाला खडी फोडायचं काम आणलं, सुकडीच्या गोणी आणल्या. त्या साली गावातल्या चुली त्याच्यामुळं पेटल्या, असं लोकच म्हणत. तेव्हापासून तो चावडीवर आला की माणसं उठून उभी राहायची. पुढं आणीबाणी आली, तरीही माणसं उभी राहतच होती. त्या उठण्यात काही बदललंय का, हे त्यानं कधी निरखून बघितलं नाही.

दिवस कलायच्या आत सयाजी सायकल हाणत बांधावर आला. सयाजी शाखेचा चिटणीस, बागायतवाला, पण आज त्याचं धोतर चेनमध्ये अडकून फाटलं होतं आणि त्याला त्याचं भान नव्हतं.

"अध्यक्ष! आपली शीट आली! लय मतांनी आली!"

नाथाजीनं बैलं थांबवली. मेढीला हात लावून तो क्षणभर उभा राहिला आणि मग म्हणाला, "गुलाल आना. उद्या सकाळी मिरवणूक काढू. हलगीवाल्याला सांगा."

विजयमालानं बैलांच्या तोंडाच्या मुसक्या सारख्या केल्या आणि ती परत कणसं उलटू लागली.

सकाळी हुसेन मुलाण्याच्या दुकानापुढं माणसं जमली. हुसेन कपडे शिवायचा, शाखेचे झेंडेही त्याच्याच मशीनवर शिवले जायचे, आणि बातम्या ऐकायला गावाला त्याचाच रेडिओ होता. गुलालाचं पोतं दुकानाच्या पायरीवर ठेवलं होतं. हलगीवाला जाळावर हलगी शेकत होता.

रेडिओवरची बाई नेहमीच्याच आवाजात बोलत होती. आधी आकडे आले. मग ती म्हणाली की, दिल्लीत पक्षाचं बहुमत गेलं. आणि मग, त्याच आवाजात, की पंतप्रधान बाई स्वतःच्या मतदारसंघात पराभूत झाल्या.

हुसेनचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबला.

"काय म्हनली ती?" नाथाजीनं विचारलं.

"बाई पडल्या म्हनली."

"खोटं आसंल. दुसरी कुनी तरी आसंल."

"न्हाई अध्यक्ष. त्याच."

नाथाजीनं हात पुढं करून रेडिओचा कान पिळला. आवाज मोठा झाला, पण बातमी तीच राहिली. तो पायरीवर, गुलालाच्या पोत्याला टेकून बसला. बाई पडतात, हे त्याच्या कल्पनेतही कधी आलं नव्हतं. सूर्य उगवायचा राहिला असं कुणी सांगितलं असतं तर त्यानं आभाळाकडं तरी बघितलं असतं. आता बघायचं कुठं?

तेवढ्यात पाठीमागं कुणीतरी हसलं. फौजेतनं पेन्शन घेऊन आलेला अर्जुना पारावर बसला होता. त्यानं तोंडातली तंबाखू थुंकली आणि तो परत हसला, आता मोकळ्या गळ्यानं. मग त्याच्या शेजारचा हसला. विहिरीवरच्या बायका हसल्या. हसू या आळीतनं त्या आळीत गेलं. सगळं गाव कित्येक महिने दम धरून बसलं होतं, आणि आता तो सुटला होता.

"गुलाल कशाला वाया घालवायचा?" अर्जुना उठून आला. "आपलीच तर शीट आली की, अध्यक्ष!"

त्यानं पोत्यात हात घातला आणि पहिली मूठ नाथाजीच्या डोक्यावर टाकली. मग सगळ्यांचेच हात पोत्यात गेले. हलगी वाजू लागली. नाथाजीला पहिल्यांदा वाटलं, विजयाचाच गुलाल आहे. मग त्यानं माणसांची तोंडं बघितली. ही माणसं दिल्ली पडल्याचा गुलाल उधळत होती, आणि त्याच्याच पोत्यातला, त्याच्याच अंगावर. गावातलं एकही माणूस त्याच्यासाठी उठून उभं राहिलं नव्हतं. सगळी नाचत होती.

त्यानं सयाजीला शोधलं. सयाजी आपल्या वाड्याचं दार आतून लावून घेत होता.

तो तसाच, गुलालानं माखलेला, खळ्यावर आला. विजयमाला एकटीच बैलं हाकत होती.

"मिरवणूक निघाली व्हय?" तिनं त्याच्याकडं बघून विचारलं.

"बाई पडल्या."

तिनं बैलाला चुचकारलं. बैलांचा फेरा पुरा झाला.

"आयकलंस का? बाई पडल्या. दिल्ली गेली."

"आयकलं."

"तुला काय वाटत न्हाई?"

"वाटतं की." ती थांबली. "माझंबी येक मत हाय त्येत."

नाथाजीला कळलं नाही. मतदानाच्या दिवशी त्यानंच गावच्या बायकांना बैलगाडीतनं शाळेपर्यंत नेलं होतं. आदल्या दिवशी घराच्या भिंतीवर कोळशानं गाय आणि वासरू काढून तिला दाखवलं होतं, हितं मारायचा शिक्का.

"म्हंजी?"

"गाय-वासरावर न्हाई मारला मी. दुसऱ्या चित्रावर मारला."

"का?"

तिनं खळ्यावरचं एक कणीस उचललं, तळहातावर चोळलं आणि दाणे त्याच्यापुढं धरले.

"ह्यो शाळू कुनी पेरलाय?"

हा शाळू ज्ञानूनं पेरला होता. ज्ञानू म्हणजे विजयमालाचा पाठचा भाऊ, येरळा नदीपलीकडच्या ढोकवाडीचा. दरसाल पेरणीला तो बहिणीकडं यायचा. गेल्या भादव्यात असाच आला होता, आणि पेरायची पाभर हातात असतानाच रस्त्यावर ट्रक येऊन थांबला होता. नसबंदीच्या शिबिराला गावानं माणसं द्यायची होती. चावडीवर कुणी नावच देईना. तेव्हा मागनं एकजण म्हणाला होता की, आधी अध्यक्षाच्या घरचं माणूस दाखवा. नाथाजीचं स्वतःचं वय उलटून गेलं होतं. एक पोरगा फौजेत, दुसरा बिनलग्नाचा. आणि सगळं गाव आपल्याकडं बघत असताना नाथाजीनं रानाकडं बोट केलं होतं. "त्यो माझा मेव्हना. त्येला घ्या. माझ्या घरापास्नं सुरवात करा."

टाळ्या पडल्या होत्या. त्या टाळ्या त्याच्या अजून लक्षात होत्या. पुढं दोन-तीन सभांत त्यानं ते सांगितलंही होतं.

"एकच पोरगी हाय म्हनत हुता त्यो," विजयमाला म्हणाली. "पाया पडत हुता तुमच्या. तुमी म्हनला, परत जोडत्यात."

"मला वरनं तसंच सांगितलं हुतं."

"भाऊबीजंला ताट करून बसलो मी. दिवा इझला तरी आला न्हाई." तिनं तळहातावरचे दाणे खळ्यात टाकले. "तवाच ठरीवलं. बोलून काय करनार? माझ्या हातात येक शिक्काच यायचा हुता. त्येची वाट बगत बसलो."

ती परत बैलांच्या मागं गेली. नाथाजी खळ्याच्या काठावर उभा होता. घामाबरोबर गुलाल ओघळून त्याच्या डोळ्यांत गेला. आपल्या घरात, आपल्या चुलीपाशी, कुणी इतके महिने असं मनात धरून बसलं होतं आणि आपण रोज त्याच हातची भाकरी खात होतो, हे त्याला दिल्लीपेक्षा मोठं वाटलं.

पुढचे दिवस वाईट गेले. खडकवाडीत खळ्याची कामं सावडीनं चालत. आज तुझ्यात, उद्या माझ्यात. नाथाजीच्या खळ्यावर उफणायला यायचं ठरलेल्या बायका आल्याच नाहीत. विजयमाला बोलवायला गेली तेव्हा अंबूबाई, जी दरसाल सगळ्यांना गोळा करून आणायची, दारातनंच म्हणाली, "तुझ्यासाठी आली असती गं बाई. पर सगळ्याजनी म्हनत्यात, यंदा अध्यक्षालाच पाट्या उचलू द्या."

त्यानं उचलल्या. उंच घडवंचीवर विजयमाला उभी राहायची, तो खालनं भरलेली पाटी तिच्या हातात द्यायचा, ती वाऱ्यावर धरायची. भूस उडून त्याच्या मानेवर, बनियनच्या आत जायचं. वर्षानुवर्षं त्यानं हे काम केलं नव्हतं. संध्याकाळी त्याची बोटं मिटायची नाहीत. वारा पडला की ती घडवंचीवरच बसायची आणि तो खाली, आणि दोघं झाडाच्या शेंड्याकडं बघत राहायची.

हुसेन एकदा खळ्यावर आला. काखेत झेंड्याचं न शिवलेलं कापड होतं.

"ह्ये तुमच्यापाशी ठिवा, अध्यक्ष."

"शिवायचं हाय की अजून."

"दुसरीकडनं शिवून घ्या." हुसेन चाचरला. "आमचा धाकला भाव इमाम सहा म्हैनं घरला आला न्हाई. ट्रकाच्या भ्यानं कऱ्हाडला फरशीच्या कारखान्यात लपून हुता. आन मी हितं झेंडं शिवत हुतो. मला आईनं परवा इचारलं, कुनाला भिऊन शिवत हुतास रं? मला काय सांगता आलं न्हाई."

"मला का न्हाई सांगितलंस तवाच?"

हुसेननं त्याच्याकडं बघितलं. त्याला खरंच नवल वाटलेलं दिसलं. "तुमाला?" तो एवढंच म्हणाला, कापड कणग्यावर ठेवलं आणि निघून गेला.

चैत्र अर्धा सरला तेव्हा तालुक्याचे नानासो आले. नानासो पक्षाचे तालुकाध्यक्ष, बोलणं शहरी, कपडे कडक इस्त्रीचे. आता त्या इस्त्रीला सुरकुत्या होत्या, पण जीप होती. मारुतीच्या देवळात सभा भरली. नाथाजीला वाटलं होतं कुणी येणार नाही. पण जीप बघून बरीच माणसं आली, आणि नानासो जोत्यावर चढले तशी उठून उभीसुद्धा राहिली. अर्जुना फक्त खांबाला टेकून बसून राहिला.

"दिल्ली गेली म्हणून घाबरायचं नाही," नानासो म्हणाले. "जिल्हा आपलाच आहे. मुंबईत सरकार आपलंच आहे. तिकडं उत्तरेत अधिकाऱ्यांनी काही चुका केल्या, त्याची शिक्षा बाईंना झाली. आपल्याकडं तसं काही झालेलं नाही."

अर्जुनानं खांबापाशी तंबाखू मळायला घेतली.

"शाखा पुन्हा उभ्या करायच्या. अध्यक्ष कोण होतंय? सयाजीराव?"

सयाजी खाली बघून म्हणाला, "आमचं काय, नाथाजी आबा हायतीच की. वारं कसं वाहतंय त्ये बघून म्होरं बघू."

"मग नाथाजीरावांच्या नावाला हात वर करा."

पहिल्यांदा कुणाचाच हात वर गेला नाही. मग एकाचा गेला. मग एकमेकांकडं बघत सगळ्यांचे गेले. ज्यांनी त्याच्या डोक्यावर गुलाल टाकला होता, त्यांचेही. नाथाजी त्या हातांकडं बघत राहिला. चावडीवर ट्रकासाठी नावं मागितली होती, तेव्हा शेवटी असेच हात वर गेले होते. तरीही नानासोंनी गळ्यात हार घातला तेव्हा त्यानं मान पुढं केली. नको म्हणायला तोंड उघडायला हवं होतं, ते उघडलं नाही.

"ढोकवाडीची शाखाच बंद पडलीय," नानासो खाली उतरताना म्हणाले. "तिथला अध्यक्ष पुण्याला पोराकडं निघून गेला. तुमची सासरवाडी ना ती? उद्या जाऊ. तुम्ही बरोबर असला की बरं."

घरी विजयमालानं ऐकलं आणि भाकरी थापायची थांबली.

"जावा. पर जीप घिऊन जाऊ नगा."

"नानासोंचीच जीप. त्येंच्याबरूबर—"

"चालत जावा. जीप नगा तितं."

"आगं, माझी सासरवाडी हाय ती."

तिनं भाकरी तव्यावर टाकली.

सकाळच्या उन्हात जीप येरळेच्या कोरड्या पात्रातनं पार झाली आणि ढोकवाडीच्या शिवारात शिरली. गाडीरस्त्याच्या दोन्ही अंगाला खळी चालू होती. धूळ वर उठली. पहिल्याच खळ्यावर एका बाईनं कपाळावर हात धरून बघितलं आणि ती ओरडली,

"जीप आली गंऽऽ!"

काय होतंय ते नाथाजीला आधी कळलंच नाही. खळ्यावरच्या पुरुषांनी हातातलं टाकलं आणि ते पळाले. कडब्याची पेंढी खांद्यावर असलेल्यानं पेंढी टाकली. घडवंचीवर उभा असलेला वरनंच उडी टाकून पळाला. पुढच्या खळ्यावर तेच, त्याच्या पुढच्या खळ्यावर तेच. बैलं मोकळीच मेढीभोवती फिरत राहिली. एक पोक्त माणूस, मिशा पिकलेला, काष्टा सुटलेला, शाळूच्या धसकटांतनं अनवाणी पळत होता. तो पडला, उठला, पाय ओढत ओढत ओढ्याच्या कडंला गेला आणि निवडुंगाआड दिसेनासा झाला.

"अरे, हे काय?" नानासो हसायला लागले, पण हसू निम्म्यात राहिलं. "निवडणूक संपलीय म्हणावं! ड्रायव्हर, हॉर्न वाजव."

हॉर्न वाजला, तशी जी दोन-चार माणसं उभी होती तीही पळाली.

सगळ्या शिवारात एकाच खळ्यावरचा माणूस जागचा हलला नाही. तो बैलांमागनं चालत होता. जीप थांबली तरी त्यानं पात थांबवली नाही. नाथाजीनं चालीवरनं ओळखलं. ज्ञानू होता. भादव्यात होता त्यापेक्षा सुकलेला, दाढी वाढलेली.

नाथाजी उतरला.

"ज्ञानू."

"या, दाजी."

"ही सगळी का पळाली रं?"

"जीप बघून."

"आता कोन न्हेत न्हाई कुनाला. त्ये सरकार गेलं."

"त्येस्नीबी ठावं हाय. रेडू आयकत्यात की. पर पायास्नी कोन सांगनार?"

बैलांचा फेरा त्याच्यापासून लांब गेला, परत जवळ आला. नाथाजी म्हणाला, "तू न्हाई पळालास."

"म्या कशाला पळू, दाजी? माझं आता काय न्ह्यायचंय?"

तो रागानं बोलला नाही. पाऊसपाण्याचं सांगावं तसं बोलला, आणि बैलाच्या पाठीवर थाप टाकून पुढं गेला.

नाथाजी तिथंच राहिला. त्याला कुणी शिव्या दिल्या असत्या, अंगावर धावून आलं असतं, तर काय करायचं हे त्याला माहीत होतं. याला काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं.

ज्ञानूची बायको भामाबाई डोक्यावर पदर ओढून पाण्याचा तांब्या घेऊन आली. नानासो जीपमधनं उतरून पाणी प्यायले, तोंड पुसलं.

"हे कोण म्हणायचे?"

"माझा मेव्हना," नाथाजी म्हणाला.

"म्हणजे, ते? शिबिराला पहिले गेलेले?" नानासोंचा चेहरा खुलला. "वा! अहो, मग शोधायचं कशाला? हेच होऊ देत इथल्या शाखेचे अध्यक्ष! तुमचं ते भाषण मी स्वतः ऐकलंय, नाथाजीराव. पक्षासाठी एवढा त्याग केलेला माणूस तालुक्यात दुसरा नाही." त्यांनी ज्ञानूच्या खांद्यावर हात ठेवला. "काय ज्ञानोबा? चालेल ना?"

ज्ञानूनं पात थांबवली. त्यानं नानासोंकडं बघितलंच नाही, नाथाजीकडं बघितलं. भामाबाई रिकामा तांब्या छातीशी धरून उभी होती. तिनंही नाथाजीकडं बघितलं. मागं भादव्यात, चावडीवर, असंच सगळं गाव त्याच्या बोलण्याची वाट बघत होतं.

"नानासो," नाथाजी म्हणाला, "तुमी जावा."

"काय?"

"जीप घिऊन जावा. तुमी असूपतोर मानसं ओढ्यातनं वर यायची न्हाईत. खळी पडल्यात त्येंची."

"अहो, पण शाखा—"

"हितं शाखा न्हाई हुयाची. खडकवाडीतबी म्या न्हाई. सयाजीला करा न्हाईतर देवळातल्या मारुतीला करा. माझा काल घातलेला हार देवळात टांगलाय, त्यो कुनालाबी घाला."

नानासो आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्हाला धक्का बसलाय. आम्हा सगळ्यांनाच बसलाय. घरी जाऊन विचार करा." आणि जीपमध्ये बसले. "येताय ना?"

"मी चालत यीन."

जीप गेली, धूळ खाली बसली.

"ज्ञानू," नाथाजी म्हणाला, "पुन्याला लय मोठं डाक्टर हायती म्हनं. जोडत्यात. मी येतो संगं. बैल इकावा लागला तर इकतो."

"मिरजंला जाऊन आलोय आमी," भामाबाई म्हणाली. नणंदेच्या नवऱ्यापुढं ती कधी बोलायची नाही. आज पदराआडनं बोलली. "न्हाई जुळत म्हनलं. लय खोल कापलंय म्हनलं."

"कवा गेल्ता?"

"भाऊबीजंला. दिवाळीत दवाखान्यात गर्दी नसती म्हनून," ज्ञानू म्हणाला. "आक्काला सांगू नगा. तिला वाटू द्या, मी रागानं आलो न्हाई. त्ये बरं."

तो मेढीपासून बाजूला झाला आणि सावलीत पाणी प्यायला गेला. बैलं उभी होती. नाथाजीनं टोपी काढून खिशात घातली, टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि दोर हातात घेतला. ज्ञानूनं सावलीतनं बघितलं. नाथाजीनं बैलं हाकली. ऊन पाठीवर होतं. दोन फेऱ्यांत त्याचे डोळे भुसानं चुरचुरायला लागले. तो फिरत राहिला.

हळूहळू माणसं ओढ्यातनं वर आली. एकमेकांकडं बघत नव्हती. जो तो आपापल्या खळ्यावर गेला आणि टाकलेलं उचलायला लागला. बायका हसल्या नाहीत.

पिकल्या मिशांचा तो पोक्त माणूस लंगडत, पाय टेकवत टेकवत, शेवटी आला. ज्ञानूच्या खळ्याच्या काठावर तो मटकन बसला. शाळूचं धसकट तळपायात शिरून आतच मोडलं होतं. पाय रक्तानं आणि मातीनं काळा झाला होता.

"येवडं काढ रं कुनीतरी," तो म्हणाला. "माझा हात पुरत न्हाई."

नाथाजीनं बैलं थांबवली. तो त्याच्यापुढं उकिडवा बसला आणि त्याचा पाय आपल्या मांडीवर घेतला. टाचेची कातडी झाडाच्या सालीसारखी होती. त्यानं टॉवेलच्या टोकानं रक्त पुसलं आणि नखानं धसकटाचं टोक शोधायला लागला.

"जीपमदनं कोन टोपीवाला उतरला हुता रं, ज्ञानू?" म्हाताऱ्यानं विचारलं.

ज्ञानू सावलीत उभा होता. नाथाजीनं मान वर केली नाही.

"गेला त्यो," ज्ञानू म्हणाला.

"आन ह्यो कोन?"

"आक्काचा मालक. खळ्याला आलाय."

"मग बरं." म्हाताऱ्यानं पाय सैल सोडला. मोकळा होऊन मागं हातांवर रेलला. "हळू काढ गड्या, मोडायचं न्हाई तर आनखी."